शिंपल्यांचा किल्ला

१८ ऑगस्ट, डब्लिन, ओहायो

आन्याला आज तिच्या कॉलेजात सोडून आलो. जाताना गाडीत चौघं, येताना तिघं. मुलगी जागृती आणि जावई निमिष पुढे, मी मागे. पूर्ण रस्ताभर कोणी रेडिओ लावला नाही.

होस्टेलच्या खोलीत मी तिची गादी लावून दिली. चादरीचे कोपरे दवाखान्यातल्यासारखे दुमडून घट्ट खोचले. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून उभी हयात गेली, तेवढं एक काम मला कुणापेक्षाही नीट येतं. आन्या म्हणाली, "आजी, नोबडी इज गोइंग टु इन्स्पेक्ट इट." मग माझ्या गळ्यात पडली आणि सोडेचना. मीच तिचे हात सोडवले. जागृती खिडकीबाहेर बघत होती.

आन्याचे आजोबा गेले तेव्हा ही पोर सहावीत होती. तेव्हापासून मी इथे, मुलीकडे. तिला शाळेतून आल्यावर गरम पोळी मिळावी म्हणून आले, असं सगळ्यांना सांगितलं होतं. खरं तर नागपूरच्या घरात एकटीने राहवेना. पण पोळीचं कारणही खोटं नव्हतं.

रात्रपाळी संपली की पुढच्या सिस्टरसाठी रिपोर्ट लिहावा लागायचा. कोणाला ताप, कोणाला झोप नाही, कोण रडत होतं. ती सवय सुटली होती. आज घर इतकं शांत झालं की पुन्हा लिहायला बसले. आता पुढची पाळी कोणाची नाही, म्हणून जे वाटेल ते लिहिणार.

२९ ऑगस्ट

कणीक पुन्हा जास्त भिजवली गेली. उरलेल्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा केला. दुपारीही तोच खाल्ला. जागृतीने संध्याकाळी फ्रिज उघडून म्हटलं, "आई, तुझ्यासाठी ठेवलेली भाजी तशीच आहे." मी म्हटलं, भूक नव्हती. एकटीसाठी ताट वाढून बसायचं म्हणजे फार सोपस्कार वाटतो, हे तिला कशाला सांगायचं. ती दिवसभर ऑफिसात राबून येते.

१० सप्टेंबर

आज एक अवघड प्रसंग झाला. दुपारी आन्याच्या खोलीतली धूळ पुसायला गेले होते. जरा टेकले तर तिच्याच पलंगावर झोप लागली. पायात चपला, हातात फडकं. डोळे उघडले तर दारात जागृती उभी. काहीतरी विसरलं म्हणून ऑफिसातून आली होती. पडदे बंद, दिवा नाही. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी उठून बसले तर "झोप तू," एवढंच म्हणाली आणि खाली गेली. गाडी सुरू झाल्याचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही.

तिला आवडलं नसावं. मुलीच्या पलंगावर चपलांसकट झोपणारी म्हातारी कोणाला आवडेल.

२२ सप्टेंबर

जिन्यात होते. जागृती स्वयंपाकघरात फोनवर बोलत होती. "मला आता बघवत नाही, मावशी. मी विचारू शकत नाही. तुम्हीच विचारा तिला."

मावशी म्हणजे पद्मिनी ढोके. तिची आणि माझी ओळख इथल्याच एका भीमजयंतीच्या कार्यक्रमात झाली. ती चंद्रपूरची. दोन वर्षांपूर्वी ती आणि तिचे यजमान रवींद्रभाऊ फ्लोरिडाला राहायला गेले, निवृत्त लोकांच्या वसाहतीत.

मी पाणी न पिताच वर आले. बघवत नाही. दवाखान्यात पेशंटचे नातेवाईक असंच म्हणायचे, आणि दोन दिवसांनी पेशंटला कुठेतरी हलवायचे. मी त्यांच्यावर कधी रागावले नाही. मग जागृतीवर का रागवावं. तिने मला सहा वर्षं सांभाळलं, एकदाही आवाज चढवला नाही.

१३ ऑक्टोबर

धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम झाला. भाड्याचा हॉल, पन्नासेक माणसं, मुलांनी वंदना म्हटली. दरवर्षी आन्या माझ्या शेजारी बसून मधेच फोन बघायची आणि मी तिला चिमटा काढायची. आज शेजारी कोणीतरी कोट ठेवला होता.

येताना जागृती म्हणाली, "आई, पद्मिनी मावशी फार आग्रह करताहेत. जाऊन ये ना आठ-दहा दिवस. थंडी पडायच्या आधी तुलाही बदल."

"जाते," मी म्हटलं.

"तुला नसेल जायचं तर..."

"जाते म्हटलं ना."

इतक्या लवकर हो म्हणेन असं तिला वाटलं नव्हतं. निमिषने आरशातून माझ्याकडे बघितलं.

११ नोव्हेंबर, फ्लोरिडा

विमानतळावर व्हीलचेअर सांगितली होती, मी बसले नाही.

पद्मिनीची वसाहत म्हणजे एकाच रंगाची एकमजली घरं, रांगेने. बहुतेक सगळे आपल्याकडचे. सकाळी योग, दुपारी सगळ्यांचं एकत्र जेवण, संध्याकाळी पत्ते. आल्या आल्या पद्मिनीने तीन दारं सोडून असलेलं एक रिकामं घर दाखवलं. "नुसतं बघ," म्हणाली. ओटा माझ्या उंचीचा होता. खिडकीतून तळं दिसतं. मी सगळं बघितलं. ती उगाच नळ सोडून बघत राहिली. जागृतीने सांगितलेलं काम कसं काढावं याचा ती विचार करत असणार.

जेवणाच्या हॉलमध्ये एका पुण्याच्या बाईंनी आपुलकीने चौकशी केली. कुठल्या, मुलगी काय करते. मग आडनाव विचारलं. रामटेके म्हटल्यावर "अच्छा, अच्छा" म्हणाल्या आणि पाणी आणायला उठल्या. पाणी घेऊन दुसऱ्या टेबलावर बसल्या. पद्मिनीने टेबलाखालून माझा हात दाबला. मी म्हटलं, वरण चांगलं झालंय.

१६ नोव्हेंबर

आज सेंट ऑगस्टीन बघून आलो. समुद्राकाठचं जुनं स्पॅनिश शहर. या देशातलं सगळ्यात जुनं, असं पद्मिनी गाडीत बसल्यापासून सांगत होती. इथून दोन तासांवर. पाय दुखताहेत, पण लिहून ठेवते.

रवींद्रभाऊ गाडी चालवत होते. त्यांना हल्ली ऐकू कमी येतं, आणि कानातलं यंत्र ते खिशात ठेवतात. पद्मिनी त्यांना म्हणाली, "अहो, पाण्याची बाटली घेतली का?" ते म्हणाले, "हो, अजून अर्धा तास." ती माझ्याकडे वळून माझ्याशी बोलू लागली. आणि मग थांबलीच नाही. कोणाच्या मुलाने काय केलं, कोणत्या दुकानात मेथी ताजी मिळते, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बोलताना माझ्या मांडीवर हात ठेवते, जणू मी उठून जाईन.

आधी किल्ला बघितला. अगदी पाण्याला लागून आहे. मी लहानपणापासून किल्ला म्हणजे काळा दगड असं धरून चालले होते. हा फिकट, राखाडी. हात लावला तर खरखरीत. जवळून पाहिलं तर सगळे शिंपले. समुद्रातल्या शिंपल्यांचा चुरा वर्षानुवर्षं दाबला जाऊन त्याचाच दगड झाला आणि तो कापून भिंती बांधल्या. तिथला माहिती सांगणारा माणूस म्हणाला, इंग्रजांनी तोफा डागल्या तेव्हा भिंतीला तडे गेले नाहीत. गोळे आत रुतून बसले. दगड जरा मऊ होता म्हणून किल्ला टिकला.

लोक हसले. मी भिंतीकडे बघत राहिले. आम्हाला शिकवलं होतं की अंगात काही रुतलं असेल तर उपटून काढायचं नाही. तसंच ठेवून वर पट्टी बांधायची.

हे जागृतीला सांगावं असं फार वाटलं. गच्चीवर तोफांच्या बाजूला जाऊन फोन लावला. मागे खूप गलका होता. "आई, मी आणि निमिष फर्निचरच्या दुकानात आहोत. एक टेबल बघतोय. नंतर करू का? तू बरी आहेस ना?"

"बरी आहे. किल्ला बघतेय."

"अरे वा. फोटो पाठव."

टेबल. माझी पाठ फिरून आठवडा झाला नाही तर घर नव्याने लावायला घेतलंय. घ्यावंच. त्यांचं घर आहे. पण मला तेव्हा तिथे उभं राहवेना, म्हणून खाली आले.

फोटो मात्र मीच सगळ्यांचे काढले. पद्मिनी आणि रवींद्रभाऊ तोफेपाशी, दोघं कमानीत, दोघं पाण्याकडे पाठ करून. मग एका तरुण जोडप्याने त्यांचा फोन माझ्या हातात दिला, त्यानंतर एका चिनी कुटुंबाने. मला बघून लोकांना वाटत असावं की या बाई फोटो काढायलाच आल्यात. त्या चिनी कुटुंबातल्या आजी माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाल्या. तुमचा काढू का, असं असावं. मी हसून मान हलवली. एकटीचा फोटो पाठवला तर जागृती विचारेल, बाकीचे कुठे.

दुपारी किल्ल्याच्या हिरवळीवर बसून तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणाची चटणी खाल्ली. जुन्या स्पॅनिश शिपायांच्या पोशाखातली माणसं वर तोफ उडवत होती. धडाका झाला तशी माझ्या हातातली पुरी पडली. रवींद्रभाऊंनी शांतपणे चटणी वाढून घेतली. पद्मिनी त्यांच्याकडे बघत होती. मग मला म्हणाली, "बघितलंस? तोफ उडाली तरी माणूस जागचा हलत नाही. मी दिवसभर कोणाशी बोलत असेन सांग."

मी हसले. तिला विनोद चांगले जमतात.

नंतर जुन्या बाजाराच्या गल्लीत हिंडलो. गाड्यांना बंदी, दोन्ही बाजूंना लाकडी सज्जे, आइस्क्रीम, टोप्या, खेळण्यातल्या तलवारी. रवींद्रभाऊ पुढे चालत राहिले, पद्मिनी त्यांच्या मागे धावली, आणि गर्दीत मी मागे पडले. घाबरायला हवं होतं, पण घाबरले नाही. एका बाजूच्या गल्लीतून समुद्राच्या भिंतीपाशी आले आणि बसले. समोर सिंहांचे पुतळे असलेला पूल. पूल मधोमध उघडून वर उचलला गेला, खालून शिडाची होडी गेली, मग पूल पुन्हा जुळला. तेवढा वेळ दोन्हीकडच्या गाड्या मुकाट थांबल्या होत्या.

तिथे बसून मी ठरवलं. कोणी विचारायच्या आधी आपणच म्हणायचं. पोरीला माझ्याशी ते बोलावं लागू नये. तिचा स्वभाव असा आहे की बोलून झाल्यावर ती वर्षभर स्वतःला खात राहील.

पद्मिनीने मला शोधून काढलं तेव्हा तिला धाप लागली होती. रवींद्रभाऊ गाडी आणायला गेले. तेवढ्यात दिवे लागले. इथे नाताळच्या आधीपासून सगळ्या गावाला दिवे लावतात आणि आज पहिलाच दिवस होता. झाडं, छपरं, बोटी, सगळं पिवळं झालं. लोक टाळ्या वाजवत होते.

"शीला, एक विचारू? रागावू नको," पद्मिनी म्हणाली.

"त्या घराचं ना?"

"तुला कसं कळलं?"

"जागृतीने तुला विचारायला सांगितलंय."

ती दिव्यांकडे बघायला लागली. मग म्हणाली, "पोरीचा जीव तुटतो गं तुझ्यासाठी. फोनवर मला म्हणत होती की आई दिवसभर..."

"राहू दे," मी म्हटलं. "मला सगळं समजतं."

"नाही, पण ऐक तर. ती म्हणाली..."

"पद्मिनी, नको सांगू. मी येते राहायला."

माझ्याविषयी माझ्या मुलीने दुसऱ्या बाईला काय सांगितलं ते रस्त्यात उभं राहून ऐकायची माझी तयारी नव्हती. एकदा ऐकलं की ते कायम कानात राहतं.

पद्मिनीने दोन्ही हातांनी माझे दंड धरले. "खरंच येतेस? खरंच?" आणि ढसाढसा रडायला लागली. येणारे जाणारे बघत होते. तीन दारं सोडून कोणी राहायला आलं तर इतकं रडण्यासारखं काय आहे ते मला कळेना. मी पदराने तिचं तोंड पुसलं. रवींद्रभाऊ गाडी घेऊन आले आणि म्हणाले, "काय झालं, पाय मुरगळला का?"

१८ नोव्हेंबर

झोप नाही. हो म्हणून टाकलं ते बरोबर केलं ना? नागपूरला परत जावं का, असाही विचार आला. पण तिथे आता कोण आहे. शिवाय जागृतीला वाटेल मी रागावून गेले.

इथे निदान पद्मिनी आहे. आणि जेवणात वरण चांगलं असतं.

२० नोव्हेंबर, डब्लिन

जागृती एकटीच विमानतळावर आली होती. मला दुरून बघून जवळजवळ पळत आली. तिने केस कापलेत. चेहरा खुलला होता. मी नसताना आराम मिळाला असेल.

गाडी हायवेला लागली तशी म्हणाली, "आई, तुला एक सांगायचंय."

"मलाही सांगायचंय. आधी मी सांगते." तिला बोलू दिलं असतं तर माझा धीर सुटला असता. "पद्मिनीच्या शेजारी एक घर रिकामं आहे. मी तिकडे राहायला जायचं म्हणते. जानेवारीत."

आमचं वळण मागे गेलं. पुढच्या वळणावरून बाहेर पडून पुन्हा फिरून यावं लागलं.

"तुला आवडलं तिकडे?"

"खूप."

"मन लागलं?"

"लागलं की. आपली माणसं आहेत तिथे. दिवसभर बोलायला कोणीतरी असतं." तिला ओझं वाटू नये म्हणून मी आणखी चार गोष्टी सांगितल्या. योग, पत्ते, तळं. पत्ते मी एकदाही खेळले नव्हते.

"हं," ती म्हणाली. थोड्या वेळाने, "मग चांगलं आहे, आई."

"तुला काय सांगायचं होतं?"

"काही नाही. आन्या बुधवारी येतेय, थँक्सगिव्हिंगला."

घरी आल्यावर मी बॅग घेऊन आत आले. ती गराजमध्ये गाडीतच बसून राहिली. ऑफिसचा फोन असेल. निमिष एकदा दारापर्यंत गेला आणि परत आला. मी त्याच्यासाठी चहा टाकला.

तिला हायसं वाटलं असेल का? मला वाटायला हवं होतं. मला नाही वाटलं.

२१ नोव्हेंबर

पुढच्या खोलीत खिडकीपाशी माझी खुर्ची असायची. तिथे आता नवं टेबल आलंय, मोठं, दोन कॉम्प्युटर मावतील असं. माझी खुर्ची थोडी सरकवून त्याच्या बाजूला ठेवली आहे. निमिषला म्हटलं, छान आहे टेबल.

तो म्हणाला, "हो ना. आई, जानेवारीपासून जागृती ऑफिसला सांगून..."

"निमिष, भाजी करपतेय बघ," जागृती स्वयंपाकघरातून म्हणाली.

तो गेला. मीही मागोमाग गेले. भाजी करपत नव्हती. गॅस बंद होता. दोघं पाठमोरी उभी होती.

माझी खुर्ची तळघरात न्यायची असणार आणि ते माझ्यासमोर बोलायला तिला संकोच वाटला. मीच म्हणाले, "खुर्ची अडचणीची होत असेल तर खाली ठेवा." जागृती म्हणाली, "असू दे ना आई ती तिथे." जरा चिडूनच म्हणाली.

२९ नोव्हेंबर

आन्या आली आणि घरात चपला इकडे तिकडे पडू लागल्या. बरं वाटलं. पोर वाळली आहे. दोन दिवस पोटभर खाऊ घातलं.

काल संध्याकाळी माझ्या पांघरुणात शिरून बसली. "आजी, डू यू वॉन्ट टु गो?"

"हो."

"लाइक, रिअली?"

"तुझ्या आईला जरा मोकळीक मिळेल."

"डिड मॉम से दॅट?"

"सगळं बोलूनच दाखवावं लागतं का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "यू टू आर द सेम पर्सन," आणि उठून खाली गेली. खालून तिचा आवाज येत होता. भराभर इंग्रजी बोलते तेव्हा मला अर्धंच कळतं, आणि दारही लावलेलं होतं.

आज सकाळी जागृतीचे डोळे सुजले होते. सर्दी झाली म्हणाली. मी तिला निलगिरीचं तेल घालून वाफ घ्यायला लावली. डोक्यावर टॉवेल घेऊन बराच वेळ बसली होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होते. लहानपणी वाफ म्हटलं की पळून जायची.

२२ डिसेंबर

बॅगा भरतेय. जागृती मदतीला आली. माझे स्वेटर एकेक करून बाहेर काढत होती, तिकडे लागणार नाहीत म्हणून. मग पलंगावर बसली. हातातल्या स्वेटरची बाही सरळ करत म्हणाली, "आई, तू नाही गेलीस तरी चालेल."

मी पुढच्या शब्दांची वाट बघितली. ते आले नाहीत.

तरी चालेल. म्हणजे चालवून घेतील. मला माहीत आहे, कुरकुर न करता घेतील. पण माझी पोर मला चालवून घेतेय, ही वेळ येऊ द्यायची नाही, असं मी तिचे बाबा गेले तेव्हाच ठरवलं होतं. राहा म्हणाली असती तर मी त्याच क्षणी बॅग उपडी केली असती.

"ठरलंय ना आता," मी म्हटलं. "पद्मिनी वाट बघतेय."

"हो. ठरलंय," ती म्हणाली, आणि स्वेटरची घडी घातली.

६ जानेवारी, फ्लोरिडा

सामान लागलं. जागृती पोचवायला आली होती, काल गेली. जायच्या आधी तिने माझा ओटा पुसला, डबे लावले, प्रत्येकावर नाव लिहिलं. मी म्हटलं, मला डाळी ओळखू येतात गं. तरी लिहिलं. पलंगावर चादर घातली आणि कोपरे दुमडून घट्ट खोचले. मी तिला ते कधी शिकवलं आठवत नाही.

गाडीत बसताना तिने माझ्या पायांना हात लावला. आमच्यात ती पद्धत नाही. मी गाडीचं दार लावून दिलं.

१४ जानेवारी

पद्मिनी सकाळी चहा झाला की येते आणि दुपारच्या जेवणापर्यंत बोलते. मी ऐकते. तिची तब्येत सुधारल्यासारखी वाटते. रवींद्रभाऊ परवा म्हणाले, "शीलाताई, तुम्ही आल्यापासून हिला गाढ झोप लागते." मला अजून लागत नाही. जागा नवी आहे.

पुण्याच्या बाईंना काल चक्कर आली. हॉलमध्ये सगळे नुसते गोळा झाले. मी त्यांना आडवं करून पाय वर ठेवले, नाडी बघितली, साखर घातलेलं पाणी दिलं. प्यायल्या. आज माझ्याच टेबलावर बसल्या. फारसं बोललो नाही.

२४ जानेवारी

दुपारी जागृतीचा व्हिडिओ कॉल आला. एरवी रात्री करते. मागे खिडकी, बाहेर बर्फ, बाजूला माझी रिकामी खुर्ची, म्हणजे घरीच होती.

"आज ऑफिस नाही?"

"घरूनच काम आता. सोमवार, बुधवार, शुक्रवार."

"कधीपासून?"

"जानेवारीपासून. मागेच मंजूर झालं होतं."

"बरं झालं. बर्फात गाडी काढायला नको."

"हो," ती म्हणाली.

जेवलीस का, विचारलं. जेवली होती. ती म्हणाली, तू? मी पण. एक विचार माझ्या मनात आला, पण तो इथे लिहीत नाही. आता तो लिहून उपयोग नाही, आणि बोलायला गेले तर पोरगी दिवसभर रडेल आणि तिचं काम राहील.

"आई, फोन चालू ठेवू का?" ती म्हणाली. "बोलायचं काही नाही. मी काम करतेय."

"ठेव की."

मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि मटार सोलायला घेतले. ती टाइप करत होती. मधे कोणाशी तरी इंग्रजीत बोलली, मग पुन्हा टाइप करू लागली. पद्मिनीने दार वाजवलं, तिला मी खुणेनेच नंतर ये म्हटलं. मटार संपले तरी मी तिथेच बसले. मधेच एकदा जागृतीने मान वर करून बघितलं, मी आहे का ते.

मी होते.